खानची प्रजा

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेचा ‘स्पेस सीड’ हा भाग १६ फेब्रुवारी १९६७ रोजी प्रसारित झाला. त्यातला एक प्रसंग असा आहे : एंटरप्राइज यानाचे अधिकारी टेबलाभोवती बसले आहेत. अवकाशात भरकटलेल्या एका जुन्या यानात त्यांना गोठवलेल्या झोपेतला एक माणूस सापडला आहे आणि तो कोण हे त्यांना नुकतंच कळलं आहे. तो खान नूनियन सिंग, श्रेष्ठ माणूस घडवण्याच्या प्रयोगातून जन्मलेला महामानव आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस पाव पृथ्वीवर राज्य केलेला हुकूमशहा. कॅप्टन कर्क म्हणतो, हुकूमशहांमधला हा सर्वांत चांगला आणि सर्वांत धोकादायक. इंजिनिअर स्कॉटी सांगून टाकतो की आपल्याला या माणसाबद्दल मनातून कौतुक वाटत आलं आहे. त्याच्या राज्यात कत्तली झाल्या नाहीत, असा एक मुद्दा निघतो. हल्ला होईपर्यंत त्यानं युद्ध पुकारलं नाही, असा दुसरा. अस्वस्थ आहे तो एकटा, अर्धा परग्रहवासी अधिकारी स्पॉक. त्या राज्यात स्वातंत्र्यही नव्हतं, याची तो आठवण करून देतो. ज्याला विरोध करायचा त्याचंच कौतुक कसं करता येतं, हे त्याला उमगत नाही, आणि बाकीचे त्याची समजूत काढतात.

खान या व्यक्तिरेखेचं मर्म मला याच प्रसंगात दिसतं. शहाणी, सुसंस्कृत, लोकशाहीत वाढलेली माणसं एका हुकूमशहाच्या कर्तबगारीवर भाळतात. आपण भाळलो आहोत हे त्यांना ठाऊक असतं आणि त्यात काही गैर आहे असं त्यांना वाटत नाही. त्याच भागात यानावरची इतिहासतज्ज्ञ मार्ला मॅकगायव्हर्स खानच्या प्रेमात पडते आणि यान त्याच्या हाती द्यायला मदत करते. गोष्टीच्या शेवटी कर्क त्याच्यावरचे आरोप मागे घेतो आणि सेटी आल्फा पाच हा निर्जन ग्रह त्याला राज्य करायला देऊन टाकतो. शिक्षेतसुद्धा कौतुक आहे.

गेली काही वर्षं चाहत्यांमध्ये एक वाद धुमसतो आहे. मूळ मालिकेच्या आधीचा काळ दाखवणाऱ्या पूर्वकथांमध्ये, म्हणजे प्रीक्वेलमध्ये, खानला पुन्हा आणावं की आणू नये? आणलाच तर कोणत्या चेहऱ्यानं, कोणत्या वयाचा, कोणत्या साली जन्मलेला? हा वाद मी आस्थेनं वाचत, ऐकत आलो आहे. त्यातले बहुतेक मुद्दे खरे आहेत. पण टेबलाभोवतीचा तो प्रसंग त्यात क्वचितच येतो, आणि तो विसरला गेल्यामुळे खानचं जवळजवळ प्रत्येक पुनरागमन फसलं, असं माझं मत आहे.

खान घडला कसा हेही पाहण्यासारखं आहे. लेखक कॅरी विल्बर यांच्या सुरुवातीच्या आराखड्यात हा खलनायक उत्तर युरोपातल्या वळणाचा, हॅराल्ड एरिक्सन नावाचा होता. गोरा, नाझी कल्पनेतल्या श्रेष्ठ वंशाच्या माणसासारखा दिसणारा. पुढच्या खर्ड्यांत तो बदलला, मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंताल्बान यांची निवड झाली आणि महामानव उत्तर भारतातला, बहुधा शीख, असा ठरला. खान आणि सिंग एकाच नावात, डोक्यावर पगडी नाही, दाढी नाही. मार्ला त्याचं जे चित्र रंगवते त्यात मात्र पगडी आहे. मोंताल्बान यांचा रंग गडद करून त्यांना भारतीय केलं गेलं. आजच्या नजरेला हे खटकतं आणि खटकायलाच हवं. तरीही त्या बदलातून एक मोठी गोष्ट साधली, मग लेखकांच्या मनात ती असो वा नसो. दुसरं महायुद्ध संपून बावीस वर्षं झाली होती. प्रयोगशाळेत घडवलेला श्रेष्ठ माणूस म्हटलं की सोनेरी केसच डोळ्यांपुढे यायचे. या गोष्टीनं तो माणूस आशियात नेला. श्रेष्ठत्वाच्या कल्पनेचं विष एका वंशाची मक्तेदारी नाही, ते कुठल्याही मातीत रुजतं आणि कुठल्याही रंगाच्या माणसाला राजबिंडं करू शकतं, हे त्यामुळे पडद्यावर आलं. मोंताल्बान यांच्या अभिनयातला रुबाब आणि सावकाश, गोड बोलणं पाहताना प्रेक्षकही स्कॉटीच्या बाजूला जाऊन बसतो.

नंतर आला १९८२ चा ‘द रॅथ ऑफ खान’. निर्माते हार्व बेनेट यांनी जुने सगळे भाग पाहून त्यांतून हा खलनायक उचलला आणि निकोलस मेयर यांनी चित्रपट दिग्दर्शित केला. चित्रपट उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कर्क आणि खान एकदाही समोरासमोर येत नाहीत, फक्त पडद्यावरून एकमेकांना पाहतात, आणि तरी दोघांमधला ताण कुठे सैल पडत नाही. पण या चित्रपटात खान राज्यकर्ता उरला नाही. शेजारच्या ग्रहाचा स्फोट होऊन त्याचं जग वाळवंट झालं, बायको गेली, काही साथीदार गेले, आणि पंधरा वर्षांनी तो सूड घ्यायला निघाला. सूड प्रेक्षकाला चटकन समजतो. त्यासाठी त्याला स्वतःकडे पाहावं लागत नाही. लोकांच्या स्मरणात जो खान राहिला तो हा, पांढऱ्या केसांचा, उघड्या छातीचा, कर्कच्या नावानं पेटलेला. पाव जगानं ज्याचं राज्य सोसलं तो खान मागे पडला. पुढे ज्यांनी ज्यांनी त्याला परत आणलं त्यांनी १९८२ चा खान आणला, १९६७ चा नाही.

२०१३ चा ‘स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस’ हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. जे. जे. एब्रम्स यांनी २००९ मध्ये कर्क आणि स्पॉक यांच्या तरुणपणाची नवी चित्रपटमालिका सुरू केली होती. भविष्यातून आलेल्या एका यानामुळे २२३३ साली इतिहासाला फाटा फुटतो, अशी तिची मांडणी. या दुसऱ्या चित्रपटात बेनेडिक्ट कम्बरबॅच हे जॉन हॅरिसन नावाच्या दहशतवाद्याच्या भूमिकेत आहेत असं जाहीर झालं. हा खानच असणार, असं चाहते पहिल्या दिवसापासून म्हणत होते आणि निर्माते ते नाकारत राहिले. अखेर चित्रपटाच्या मध्यावर हॅरिसन आपलं खरं नाव सांगतो. प्रेक्षागृहातल्या जाणत्यांना ते ठाऊकच होतं. नवख्यांना त्या नावाचा काही अर्थ नव्हता, आणि पडद्यावरच्या कर्कलाही नव्हता, कारण या इतिहासात दोघांची कधी भेटच झालेली नाही. वर्ष संपता संपता एब्रम्स यांनीही मान्य केलं की नाव आधीच सांगितलं असतं तर अधिक शहाणपणाचं ठरलं असतं. चित्रपटानं जगभरात सुमारे ४६ कोटी ७० लाख डॉलर मिळवले. स्टार ट्रेकच्या दुसऱ्या कुठल्याही चित्रपटाला तोवर इतके मिळाले नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या चाहत्यांच्या मेळाव्यात सगळ्या चित्रपटांची क्रमवारी लावली गेली, तेव्हा हाच चित्रपट तळाला गेला.

सर्वांत मोठा वाद पेटला तो चेहऱ्यावरून. खान भारतीय, आणि त्याच्या जागी एक गोरा ब्रिटिश नट. काही चाहत्यांनी नव्या इतिहासाची ढाल पुढे केली : फाटा फुटल्यावर सगळंच वेगळं होऊ शकतं. त्याला दुसऱ्यांनी दिलेलं उत्तर बिनतोड होतं. फाटा फुटला २२३३ मध्ये; खान तर १९९६ पासून यानात गोठून पडला आहे. झोपलेल्या माणसाचा चेहरा त्यामुळे बदलेल कसा? मग त्याच वर्षी सुरू झालेल्या एका चित्रकथेनं ठिगळ लावलं : चित्रपटातल्या ॲडमिरल मार्कसनं त्याला जागं केल्यावर शस्त्रक्रियेनं चेहरा बदलला, आवाज बदलला, आठवणी पुसल्या. प्रेक्षकांचा प्रश्न कथेतल्या खुलाशानं मिटवायचा हा प्रयत्न मला फार केविलवाणा वाटला. चेहऱ्याचा आक्षेप भारतीय नटाच्या हुकलेल्या संधीपुरता मर्यादित नाही, जरी ती संधी हुकली हेही वाईटच. महामानवाला गोरा करून चित्रपटानं १९६७ मधलं सगळ्यात धाडसाचं पाऊल मागे घेतलं. एरिक्सन परत आला, फक्त नाव खानचं ठेवून.

आणि त्या टेबलाभोवतीच्या कौतुकाचं काय? ते कुठेच नाही. हा खान अतिशय बलवान आहे, हुशार आहे, आपल्या ७२ साथीदारांसाठी हळवा आहे. पण त्याच्या राज्याबद्दल कुणी एक वाक्य धड बोलत नाही. कर्कला त्याचा मोह पडत नाही. शेवटी कर्क मरतो, स्पॉक खानचं नाव घेऊन आक्रोश करतो आणि खानच्याच रक्तानं कर्क जिवंत होतो. १९८२ च्या चित्रपटात शेवटी स्पॉक मरतो; तोच प्रसंग उलटा करून ठेवला आहे, इतकंच.

या फजितीनंतर चाहत्यांतला एक मोठा गट म्हणू लागला की पूर्वकथेत खलनायक आणूच नयेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे. शेवट ठाऊक असतो, नायक मरणार नाही हे ठाऊक असतं, खलनायकही पुढच्या गोष्टीसाठी जिवंत राहणार हे ठाऊक असतं. मग उरतं काय? जुन्या नावावर तिकिटं विकणं. गेल्या दहाबारा वर्षांत हॉलीवूडनं जुन्या खलनायकांची जी उसनवारी चालवली आहे ती पाहता हा संताप मला समजतो. तरीही हा निष्कर्ष मला मान्य नाही. आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला कंस मरणार हे ठाऊक असतं. कंस इतका का भ्याला आणि त्या भीतीनं मथुरेचं काय झालं, हे ऐकायला माणसं बसतात. शेवट ठाऊक असल्यानं गोष्ट मरत नाही. सांगणाऱ्याकडे नवा प्रश्न नसला की मरते.

‘युगान्त’ हे याचं आपल्या भाषेतलं सर्वांत लखलखीत उदाहरण. इरावती कर्वे यांनी महाभारतातली एकही घटना बदलली नाही. गांधारी, कुंती, कर्ण यांचं काय होणार हे वाचकाला पानोपानी ठाऊक असतं, आणि तरीही प्रत्येक लेख नव्यानं हलवून सोडतो, कारण बाई प्रत्येकाला असा प्रश्न विचारतात जो आधी कुणी विचारला नव्हता. ‘युगान्त’ पुस्तकरूपानं आलं १९६७ मध्ये, म्हणजे खान पहिल्यांदा पडद्यावर आला त्याच वर्षी. हा नुसता योगायोग. पण खानच्या मुळाशी जी कल्पना आहे तिच्याशी इरावतीबाईंचा आलेला संबंध योगायोगापेक्षा खूप खोल आहे आणि त्यासाठी मला थोडं बर्लिनला जावं लागेल.

१९२७ मध्ये इरावतीबाई बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांची संस्था होती मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांसाठी तिथे नव्यानंच स्थापन झालेली कैसर विल्हेल्म संस्था, आणि मार्गदर्शक होते तिचे संचालक ऑयगेन फिशर. चांगली माणसं जन्माला घालायची, कमअस्सल ठरवलेली घालू द्यायची नाहीत, हा सुप्रजननशास्त्राचा गाभा. पुढे नाझींच्या वंशकायद्यांना ज्या शास्त्रज्ञांच्या विचारांनी बळ दिलं त्यांत फिशर अग्रणी होते. त्यांनी आपल्या भारतीय विद्यार्थिनीला काम दिलं : कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक वंशानुसार बदलतो का, ते मोजायचं. फिशर यांना अपेक्षित उत्तर होतं. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा संबंध दिसत नाही. परक्या देशातली विशीतली मुलगी, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच गृहीतकाविरुद्ध आलेलं उत्तर, आणि तिनं ते जसंच्या तसं मांडलं. स्टार ट्रेकच्या इतिहासात ज्यांना युजेनिक्स वॉर्स म्हणतात, म्हणजे खान आणि त्याच्यासारख्यांनी पेटवलेली युद्धं, त्यांचं बी खऱ्या जगात अशाच संस्थांमध्ये पेरलं गेलं होतं. त्यातल्या एका खोलीत बसून एका मराठी संशोधक बाईनं ते बी पोकळ असल्याचा पुरावा मोजून काढला होता. खान हा आपल्याला दूरचा, अमेरिकी करमणुकीतला विषय वाटत असेल, तर तो इतकाही दूरचा नाही.

स्टार ट्रेकच्या अलीकडच्या पूर्वकथांनी या मुळाकडे थोडं तरी वळून पाहिलं, हे त्यांचं श्रेय. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’मध्ये कर्कच्या आधीचं एंटरप्राइज आहे आणि त्यावर ला’आन नूनियन-सिंग नावाची सुरक्षा अधिकारी आहे. ती खानची वंशज. नाव ऐकताच समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते तिनं लहानपणापासून पाहिलं आहे. याच मालिकेच्या दुसऱ्या पर्वात यानाची उपकप्तान उना हिच्यावर खटला भरला जातो, कारण तिच्या समाजात जनुकीय बदलांची परंपरा आहे आणि खानच्या धास्तीनं फेडरेशननं, म्हणजे पृथ्वी ज्यात आहे त्या ग्रहसंघानं, असे बदल बेकायदा ठरवले आहेत. खानला भिऊन केलेला कायदा आता जन्मावरून माणसांना वगळतो, म्हणजे खानचंच काम करतो. पडद्यावर खान एक क्षणभरही न दिसता त्याच्या सावलीचं इतकं सच्चं चित्रण दुसरीकडे मला सापडलं नाही.

लगेच पुढच्या भागात, २९ जून २०२३ रोजी, खान दिसला. तोही एका लहान मुलाच्या रूपात. ला’आन आणि दुसऱ्याच इतिहासातला एक कर्क एकविसाव्या शतकातल्या टोरांटोत येऊन पडतात. फेडरेशनच्या शत्रूंची, म्हणजे रोम्युलनांची, एक हेर खानला बालपणीच मारायला तिथे दबा धरून आहे, कारण खान नसेल तर युद्धं होणार नाहीत, युद्धांतून शिकून उभं राहिलेलं फेडरेशन होणार नाही, आणि पृथ्वी कायम दुबळी राहील. हेर संपते. ला’आन एका बंद खोलीचं दार उघडते. समोर मुलगा. तिच्या हातात पिस्तूल आहे आणि तिच्या वाट्याचा सगळा छळ याच मुलाच्या नावामुळे आलेला आहे. ती गोळी झाडत नाही. त्याला धीर देते आणि निघून जाते.

या प्रसंगावर चाहते तुटून पडले ते मुख्यतः सनावळीवरून. खानचं राज्य १९९२ ते १९९६, असं मूळ मालिका सांगते. मग एकविसाव्या शतकात तो अजून मुलगा कसा? मालिकेचं उत्तर असं की कालप्रवाशांच्या ढवळाढवळीमुळे घटना पुढे सरकल्या. खरं कारण सरळ आहे. १९९० चं दशक येऊन गेलं, कुठल्याही महामानवानं चाळीसहून अधिक देश ताब्यात घेतले नाहीत, आणि आजच्या प्रेक्षकाला ते भविष्य आपलं वाटावं असं निर्मात्यांना वाटतं. कथाक्रमाच्या शुद्धतेसाठी भांडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. जे जग साठ वर्षं अनेक हातांनी रचलं गेलं त्याची वीट न् वीट कुणीतरी राखायलाच हवी. पण या बाबतीत मी मालिकेच्या बाजूनं आहे. तारीख हलली तरी चालेल, प्रश्न जागेवर हवा, आणि त्या खोलीत प्रश्न होता. ज्यानं अजून काही केलेलं नाही त्याला त्याच्या होणाऱ्या गुन्ह्यासाठी मारावं का? जन्मावरून माणसाचा निकाल लावणं हेच तर सुप्रजननशास्त्र. ला’आननं गोळी झाडली असती तर खान जिंकला असता. २०१३ चा अख्खा चित्रपट जे करू शकला नाही ते या काही मिनिटांनी केलं.

माझी हरकत तारखेला नाही, गावाला आहे. उत्तर भारतातला हा माणूस टोरांटोतल्या एका संस्थेत का वाढतो? मालिकेचं चित्रीकरण टोरांटोत होतं हे व्यावहारिक उत्तर झालं. परिणाम असा की खानच्या गोष्टीतून आशिया पुन्हा पुसला गेला. या बाबतीत ग्रेग कॉक्स यांच्या २००१ आणि २००२ च्या दोन कादंबऱ्या खूपच पुढे होत्या. त्यांत राजस्थानच्या वाळवंटाखाली गुप्त प्रयोगशाळा आहे, १९८४ च्या दिल्लीतल्या शीखविरोधी हिंसाचारात सापडलेला किशोरवयीन खान आहे. त्या रात्रीतून गेलेल्या मुलाला माणसांवर राज्य करणं हाच माणसांना वाचवण्याचा मार्ग वाटावा, हे पटतं. पण खऱ्या इतिहासाला धक्का लागू नये म्हणून कॉक्स यांनी सगळी युद्धं पडद्याआड नेली, इतकी की सामान्य माणसांना त्यांचा पत्ताच नाही. ज्या राज्याचा प्रजेला पत्ता नाही ते राज्य कसलं?

सर्वांत ताजं पुनरागमन श्राव्य आहे. ८ सप्टेंबर २०२५ पासून ‘स्टार ट्रेक : खान’ ही नऊ भागांची ध्वनिमालिका आली. तिचं मूळ कथासूत्र निकोलस मेयर यांचं. कर्कनं खानला ग्रहावर सोडल्यापासून १९८२ च्या चित्रपटापर्यंतची मधली वर्षं तिच्यात आहेत. खानचा आवाज नवीन अँड्र्यूज यांचा. ते लंडनमध्ये जन्मले, मूळचं कुटुंब केरळचं. मोंताल्बान यांच्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी प्रौढ खानला भारतीय वंशाचा नट मिळाला, तोही फक्त आवाजापुरता. अँड्र्यूज यांचं काम मला मनापासून आवडलं. त्यांच्या आवाजात मोंताल्बान यांची नक्कल नाही, एक थकवा आहे, आणि मार्लाशी बोलताना तो आवाज वेगळाच होतो. पुष्कळ चाहत्यांनी म्हटलं की हाच खरा खान, अखेर त्याला न्याय मिळाला.

इथे मी त्यांच्यापासून वेगळा होतो. न्याय कुणाला मिळाला? प्रेमळ नवरा, उजाड ग्रहावर लोकांना जगवणारा पुढारी, दुःखानं वेडा झालेला माणूस, हे सगळं ऐकून डोळे भरून येतात. पण या माणसानं चार वर्षं कोट्यवधींचं स्वातंत्र्य काढून घेतलं होतं. त्या कोट्यवधींपैकी एकाचीही कहाणी कुणाला सांगावीशी वाटली नाही. अलीकडच्या सगळ्या पूर्वकथांना हाच रोग जडला आहे. खलनायकाचं बालपण दाखवा, त्याची जखम दाखवा, म्हणजे तो माणूस होतो, असा समज. तो माणूस आहेच, त्याविषयी कुणाला शंका नव्हती. स्कॉटीलाही नव्हती. आपल्याला न कळलेली गोष्ट वेगळी आहे. त्याच्या राज्यात सकाळी उठून कामाला जाणाऱ्यांना ते राज्य कसं वाटत होतं? किती जणांनी ते आनंदानं पत्करलं? कुणी पत्करलं नाही, आणि त्यांचं काय झालं?

या प्रश्नांची उत्तरं कल्पनेनंच द्यायची आहेत असंही नाही. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या, हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती घरांत आजही कौतुकानं बोललं जातं! बोलणारी माणसं दुष्ट नसतात. स्कॉटीसारखीच कष्टाळू, नेकीची, व्यवस्थेची आवड असलेली असतात. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत स्वातंत्र्याच्या बाजूनं बोलल्या, आणि पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. टेबलाभोवती एकटा स्पॉक असणं म्हणजे काय, हे आपल्याला दूरचित्रवाणीवरून शिकावं लागलेलं नाही. पण ते एकटेपण आणि ते कौतुक एकाच गोष्टीत, एकाच गल्लीत शेजारी राहताना दिसेल, अशी खानची पूर्वकथा अजून कुणी सांगितलेली नाही.

‘स्पेस सीड’मध्ये खानच्या राज्याची हद्द सांगितली आहे. आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत, पृथ्वीच्या पाव भागाहून अधिक. हे वाक्य मी ऐकलं तेव्हा नकाशा डोळ्यांपुढे आला. त्या हद्दीत दिल्ली आहे, लाहोर आहे, आणि मुंबई, पुणे, नागपूर, पणजीही आहे. म्हणजे या जगप्रसिद्ध कथेत १९९२ ते १९९६ या काळात आपण खानची प्रजा होतो. साठ वर्षं अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, कॅनडात त्याच्या सुडावर, चेहऱ्यावर, सनावळीवर वाद झाले. ज्यांच्यावर त्यानं राज्य केलं त्यांचं म्हणणं नोंदवायचं राहून गेलं आहे आणि ती जागा आपली आहे.

ती कशी भरावी याचा नमुनाही मराठीत आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपतचं युद्ध मराठ्यांनी जिंकलेलं असतं. हा बदललेला इतिहास नारळीकर भाऊसाहेबांच्या किंवा विश्वासरावांच्या तोंडून सांगत नाहीत. एक प्राध्यापक मुंबईत उतरतो, रस्त्यांवरून चालतो, टाउन हॉलच्या ग्रंथालयात पुस्तकं चाळतो, आझाद मैदानावरच्या सभेत जातो आणि आपल्या ओळखीचं शहर किती अनोळखी झालंय ते बघतो. सत्तेची गोष्ट रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेतून. खानला याच नजरेची गरज आहे. त्याच्या काळातली मुंबईची लोकल, रेशनची रांग, वर्तमानपत्राचं पहिलं पान, शाळेत म्हटली जाणारी नवी प्रार्थना, आणि सुधारित जनुकांची मुलं व साधी मुलं यांच्यासाठी केलेले वेगळे वर्ग. आणि या सगळ्यात, निदान गाड्या तरी वेळेवर येतात, असं म्हणणारा एखादा प्रेमळ काका.

स्टार ट्रेकचे हक्क एका अमेरिकी कंपनीकडे आहेत, त्यामुळे खानचं नाव घेऊन हे करता येणार नाही. नावाची गरजही नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेतून ज्या भाषेला नारळीकर मिळाले तिच्यात अशी गोष्ट लिहू शकणारी माणसं आज नक्की आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या मनात ती घोळत असेल तर हुकूमशहाचं बालपण बाजूला ठेवा आणि त्याच्या प्रजेपासून सुरुवात करा.